जिन्यावरची मार्जरी

हेझलडीनच्या वाड्यातल्या जिन्यावरून मार्जरीची तसबीर उतरली, तेव्हा ऑगस्टाबाई नुसत्या हसल्या. तिथे लायनेलनं आपल्या शर्यतीच्या घोड्याचं चित्र टांगलं.

लायनेल त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. बाईंचा भाचा लॉर्ड राल्फ हिवाळ्यात शिकारीला गेला आणि घोड्यावरून पडून वारला. मागे बायको सेलिया, तीही पोटुशी. बाळ जन्मेपर्यंत गादी रिकामी ठेवायची रीत. पण लायनेल गुडघ्याला बाशिंग बांधून आधीच मुक्कामाला आला होता.

"मुलगा झाला तर निमूट घरी जाईन, आत्या. मुलगी झाली की लॉर्ड मीच."

"कोण म्हणतं?"

"बाबा म्हणायचे. आपल्याकडे बाईनं कधी गादी चालवलीय?"

"चालवलीय की. मार्जरीनं. तुझ्या घोड्यानं जिची जागा घेतली ती."

"ती? असेल कुण्या लॉर्डची बायको!" लायनेल खो खो हसला. "तुमचं वय झालं, आत्या."

वय झालंच होतं. पण बाई लहान असताना आजोबा त्यांचं बोट धरून जिन्यावर नेत आणि मार्जरीपुढे गुडघा वाकवायला लावत. "ही कुणाची बायको म्हणून लेडी नव्हती बरं, ऑगी. बापाला मुलगा नव्हता, ही एकुलती. आपली गादी जुनी आहे, ती लेकीला मिळते. मात्र लेक एकच हवी. दोघी असल्या की गादी दोघींमध्ये लोंबकळते, आणि घर-जमीन जाते जवळच्या पुरुषाकडे." आजोबांच्या कोटाला येणारा तंबाखूचा वास बाईंना अजून आठवे.

म्हणून घोर एकच होता. सेलियाचं पोट भलतंच मोठं दिसत होतं, आणि सुईण जुळ्यांचं बोलून गेली होती.

एप्रिलच्या एका सकाळी वरच्या मजल्यावर धावपळ सुरू झाली. खाली लायनेल राल्फच्या खुर्चीत बसून धुरावलेला मासा खात होता. बाईंनी पावाला मुरंबा लावला.

डॉक्टर क्रॅडक बाह्या खाली करत आत आले. "मुलगी! बाळबाळंतीण खुशाल आहेत."

लायनेल चहाचा कप उंचावून उभा राहिला. "पार्जिटर, आजपासून मला काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना?"

म्हातारा खानसामा पार्जिटर बाईंकडे बघत राहिला. बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"एकच ना?"

"म्हणजे?"

"अहो, मुलगी एकच ना? आत आणखी कुणी नाही ना?"

"एकच, बाई. आवाज मात्र दोघींचा आहे."

ऑगस्टाबाईंनी सुरी खाली ठेवली. "लायनेल, ऊठ. ती खुर्ची हेझलडीनच्या लेडीसाहेबांची आहे."

"कुठल्या लेडीसाहेब?"

"वर रडतायत त्या. वकिलांना विचार हवं तर, पण मासा संपवून जा, टाकू नकोस."

लायनेलनं डॉक्टरांकडे पाहिलं, मग पार्जिटरकडे. पार्जिटर आदबीनं खुर्ची मागे ओढायला पुढे झाला.

"लायनेलसाहेब, घोडा गाडीत ठेवू की टपावर बांधू?"

दुपारी मार्जरी जिन्यावर परत आली. चौकट जरा तिरकी लागली होती. बाईंनी काठीच्या टोकानं ती सरळ केली आणि दुखरा गुडघा वाकवला, आधी मार्जरीपुढे, मग वर जाऊन पाळण्यापुढे.