शालिग्रामची जाड सुई

वरवट बकालच्या शालिग्रामले जिंदगीत एकच गोष्ट पाहिजे होती, पुन्हा एकदा पटाच्या छकड्यावर बसायचं. बाकी सगळं होतं त्याच्यापाशी. कृषी केंद्राचं दुकान, दोन लेकरं, रुपालीसारखी बायको, अन् पोट. पोट तर एवढं का तो काउंटरमांगं बसला का गिऱ्हाइकाले वाटे, यानं काउंटरच नेसलं हाय.

अन् हाच माणूस, सांगतो तुमाले, पोट्टा होता तवा अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात त्याच्यासारखा धुरकरी नव्हता. शंकरपटात, म्हणजे बैलाईच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी कसा पाहिजे, काडीसारखा. शालिग्राम काडीच होता. गुलाम रसूलची जोडी अन् शालिग्रामची हाक, दोन्ही एकदम सुटत. मंग कोर्टानं पट बंद केले. गुलाम रसूल बकऱ्याच्या धंद्याले लागला अन् शालिग्राम काउंटरमांगं बसला तो बसलाच.

लय वर्षानं पट सुरू झाले, तवा सगळ्यात पहिले शालिग्राम गुलाम रसूलच्या खळ्यात पळाला. पळाला म्हणजे दमत दमत गेला. छकड्यावर बसला अन् छकडा उलार झाला ना भाऊ. मांगं सगळा भार, समोरून धुरा वर, जोत्यानं बैलाईचे गळे आवळले, मुंडके आभाळात. उकंडराव तिथंच उभा होता. त्याची बी जोडी पटात पळते, बुढा मोठा फाटक्या तोंडाचा.

"शालिग्राम, बैलाईले छकड्यात बसव," तो म्हणे, "अन् तू वढ."

सगळे हासले. शालिग्राम बी हासला. घरी येऊन जेवला नाही, हे फक्त रुपालीले मालूम.

पण रुपाली काही फक्त पोट पाहून नव्हती राह्यली. नवरा दुपारीच पेंगते, खताची गोणी उचलली का हात थरथरतात, दाढी पंधरा पंधरा दिवस वाढत नाही, हे तिनं कधीचं हेरलं होतं. थेट बुलढाण्याले नेलं तिनं. डॉक्टरनं सकाळी सकाळी रक्त घेतलं, मंग आणखी एक डाव घेतलं, अन् सांगतलं का पुरुषाचं हार्मोन लय कमी हाय. वजनानं ते कमी होते, अन् ते कमी झालं का वजन वाढते, असं दोघं एकमेकाईले धरून बसले हायेत. दर दोन-तीन महिन्यानं सुई घ्या लागीन, दर खेपेले रक्त तपासा लागीन, चालणं अन् जेवण सांभाळा लागीन. लेकरं झाले का, तेही इचारलं, कारण या सुईनं पुढचं लेकरू अटकू शकते. अन् हे बी बजावलं का ज्याच्या रक्तात हे कमी नसन त्यानं या सुईच्या वाट्याले जाऊ नये.

शालिग्राम तयार झाला, पण एका अटीवर. गावात कोणाले कळलं नाही पाहिजे. पुरुषाच्या हार्मोनची सुई म्हटलं का पारावर काय काय बोलतीन, ते त्याले तोंडपाठ होतं. म्हणून सगळ्याईले सांगे का कंबरेचा इलाज चालू हाय. गुलाम रसूललेही हेच सांगे, आता बोला.

अन् वजन का धपकन पडते? पहिल्या वर्षी पट्ट्याले नवीन भोक पाडा लागलं, लोकाईले वाटलं पट्टा जुना झाला. पण तो रोज सकाळी चालत राह्यला, ताटातली भाकर अर्धी करत राह्यला, सुई घेत राह्यला. सुईनं अंगात दम आला, म्हणून चालणं झालं, अन् चालणं झालं म्हणून वजन उतरलं, वर्षानुवर्ष उतरतच राह्यलं. रुपाली मशीनवर त्याचा तोच पँट आवळत जाये. आवळता आवळता मांगचे दोन्ही खिसे एकमेकाले भेटले, तरी तो नवीन घेऊ देईना. म्हणे, पटाच्या दिवशी घेऊ.

गुलाम रसूल इतके वर्ष दुसरेच धुरकरी लावत होता. कोणी शालिग्रामचं इचारलं का म्हणे, माहा धुरकरी सुट्टीवर हाय. या हिवाळ्यात तो सोता दुकानात आला, शालिग्रामले वरून खाली पाह्यलं, अन् म्हणे, "सुट्टी संपली का बे?"

अन् मंग शेगावकडच्या त्या पटात, नवीन पँट घालून, शालिग्राम छकड्यावर बसला. छकडा हालला बी नाही. समोर गुलाम रसूलचे बैल, लाड्या अन् पाखऱ्या, कान टवकारलेले. झेंडी पडली अन् शालिग्रामनं ती जुनी हाक देली. गड्याहो, धुळीत छकडा दिसेना, नुसती हाक पुढं चाललेली. घड्याळवाल्यानं टाइम सांगतला अन् गुलाम रसूल मटकन खालीच बसला. सगळ्यात कमी टाइम. उकंडरावची जोडी दुसरी.

तितक्यात उकंडराव आला, हातात पिशवी. छकड्याले अटकवलेली शालिग्रामची पिशवी. आतून निघाली औषधाची बाटली अन् ही एवढी जाड सुई. त्याचं काय झालं, बुलढाण्याचा दवाखाना त्या दिवशी बंद होता, म्हणून शालिग्रामनं औषध आधीच आणलं होतं अन् पट झाला का शेगावात, जिथं कोणी ओळखत नाही तिथं, टोचून घेणार होता. उकंडराव पंचाईसमोर उभा. बैलाईले इंजेक्शन देऊन पळवलं, म्हणे. एवढी जाड सुई काय माणसाले टोचत असतीन?

पंच होते अर्जुनराव, एका शब्दाचा माणूस. बैलाले सुई टोचली असन तर जोडीचं नाव कायमचं कटते, पुन्हा कोणत्याच पटात नाही. गुलाम रसूलचा चेहरा उतरला. तो कसम खाऊन राह्यला होता, पण सुईचं त्याले काहीच मालूम नाही, सांगीन काय? त्यानं एकदाच शालिग्रामकडं पाह्यलं.

शालिग्रामनं रुपालीकडं पाह्यलं. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया-लेकराईत उभी होती. तिनं नुसता पदर खोचला, जसं काम सुरू कराच्या आधी खोचते. अन् यानं अनाउन्सरच्या हातून माइक घेतला.

"सुई बैलाची नाही, माही हाय. माह्या अंगात पुरुषाचं हार्मोन कमी होतं. चार हिवाळे झाले, सुई घेऊन राह्यलो, म्हणून आज छकड्यावर बसलो. ज्याले हासाचं त्यानं हासून घ्या. पण जोडीचं नाव कापू नका, तिचा काही गुन्हा नाही."

पटावर जनावराचा डॉक्टर असतेच, त्यानं बाटली घेतली, उलटीपालटी केली. औषध माणसाचंच हाय, सील बी फुटलं नाही, अन् तेलासारखं घट्ट असते म्हणून सुई जाड, असं त्यानं सांगतलं. बैलं बी सकाळी तपासले होते, पुन्हा तपासले. अर्जुनरावनं मान हालवली अन् बोट वर केलं, पहिला नंबर कायम.

अन् अनाउन्सर मोठा वस्ताद. म्हणे, "पहिला नंबर, गुलाम रसूल, वरवट बकाल. जोडी बिनइंजेक्शनची, धुरकरी इंजेक्शनवाला." असा हासा उठला का झाडावरचे पाखरं उडाले. शालिग्राम बी हासला, अन् या डाव खरंच हासला, छाती काढून, मधोमध उभा राहून. उकंडरावनं पिशवी आणून त्याच्या हातात देली. म्हणे, "त्या दिवशी तुले वढाले लावत होतो ना मी. आज तुह्या मांगं माही जोडीच वढत राह्यली."

गुलाम रसूल जवळ आला. चार वर्ष कंबर कंबर करत होता, म्हणे, अन् मी तुह्यासाठी पिरबाबाले चादर कबूल केली बे कंबरेची. आता ती चादर कोणत्या दुखण्याच्या नावानं चढवू?

मंग शेगावले कोणी गेलंच नाही. गुलालानं माखलेला शालिग्राम गुलाम रसूलच्या गाडीवर मांगं बसून थेट गावात आला, नर्सबाईच्या दारात, भर दिवसा, पारावरच्या लोकाईसमोरून. औषध घट्ट, सावकाश जाते, येळ लागला. बाहेर आला तर गुलाम रसूल गाडीवर तसाच बसून.

"दुखलं का?"

"जाड हाय ना बे," शालिग्राम म्हणे, अन् नव्या पँटवरचा गुलाल झटकत, जरासा तिरपा होऊन, गाडीवर बसला.