ऋणनिर्देशातून काढलेले नाव

मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. मित्रांनो, आज माझ्या कळा गंजल्या आहेत. पण कधीकाळी कसबा बावड्यातल्या रेवणसिद्ध सरांच्या टेबलावर मी रोज खडखडत असे.

१९९२ मध्ये कोर्टाजवळच्या एका टंकलेखकाकडून सरांनी मला आणले. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. दोनच बोटांनी टाइप करत. पत्नी गेल्यापासून घरात एकटेच होते. दर गुरुवारी हुपरीहून ख्वाजाभाई येत. त्यांना फारसी येई. ते जुन्या सनदा वाचून अर्थ सांगत आणि सर तो माझ्यावर उतरवून घेत. मधूनच दोघे कडाकडा भांडत. मला ते फार आवडे.

त्या कागदांत सरांना एक गोष्ट सापडली. एका सरदाराने एकाच दिवशी मठालाही जमीन दिली होती आणि दर्ग्यालाही. भक्तीपोटी नव्हे, मुलखात बंड उठले होते त्या वर्षी दोन्हीकडची माणसे आपल्या बाजूला राहावीत म्हणून. सरांनी तसे स्पष्ट लिहिले.

बातमी फुटली. सरांच्याच समाजातली चार माणसे आली.

"सर, आमचा मठ काय विकला गेलता व्हय? तेवढं प्रकरण काढा की!"

"कागद तुमच्याच मठातला आहे. काढणार नाही," सर म्हणाले.

त्यानंतर त्यांना लग्नाच्या पत्रिकाही येईनाशा झाल्या.

मग एका सोमवारी ख्वाजाभाई आले. बसले नाहीत. "सर, आमच्यातलीबी लोकं इचारत्यात, कागद वाचून कुणी दिलं म्हणून. आमच्या पोरीचं, नुजहतचं लग्न ठरलंय. पुस्तकातनं माझं नाव तेवढं काढा."

चौघांपुढे न वाकलेल्या सरांनी ऋणनिर्देशाचे पान पुन्हा टाइप केले. नावाच्या जागी 'एक जाणकार मित्र' असे उमटले. त्या तीन शब्दांना त्यांनी फार वेळ लावला.

पुस्तक निघाले. ख्वाजाभाईंचे येणे थांबले. लिहायला काही नसले, तरी सर गुरुवारी मला पुसत बसत.

२००४ मध्ये सर गेले. पाचव्या दिवशी ख्वाजाभाई आले, तेव्हा सरांची मुलगी शांभवी सामान आवरत होती. ते माझ्यासमोर बसले. "लई उशीर केला की गं पोरी," एवढेच म्हणाले, आणि माझ्यावर डोके टेकून रडले.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, मी अजून चालेन. पण खरे लिहून एकटे पडलेले कोणी तुमच्या गावात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. तो दार उघडू शकतो आहे, तोवर जा.