भोसल्यांची तलवार आणि माझी पावशी

दसऱ्याला आमच्या गावचे सगळे बाप्ये ज्या सुऱ्यापुढे हात जोडतात, त्या सुऱ्यानं मी नऊ वर्षं वांगी चिरली आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता मालकही गेले आणि आमचे हेही गेले, तेव्हा अब्रू जाण्यासारखी माझीच तेवढी उरली आहे, आणि तिची मला फिकीर नाही.

आमचं गाव पवनारच्या वर, धाम नदीच्या काठी. माझा नवरा लहानू लोहार. भाता मी ओढायची, वेळ पडली तर घणही मारायची. नवऱ्याच्या हातात कसब नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण हातापेक्षा तोंडात जास्त होतं.

मालक म्हणजे मधुकरराव, गावचे मालगुजार, तुमच्याकडचे जमीनदार. मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती. दारची गर्दी गेली, उरली होती फक्त एक तलवार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत मालकांच्या पणज्यानं ती गाजवली, असं मालक सांगत. पणज्यानंतर दरवर्षी तिच्यावर शेंदूर चढत गेला आणि आत लोखंड आहे की लाकूड हेही दिसेनासं झालं. दसऱ्याला मालकांच्या अंगणात पाटावर कोहळा ठेवायचा आणि मालकांनी त्या तलवारीनं एका घावात त्याचे दोन करायचे, ही गावची रीत. एका घावात झाला तर कापूस चांगला. दोन घाव लागले तर वर्ष खोटं.

त्या वर्षी भादव्यात झाडझूड करताना तलवार खुंटीवरून पडली आणि वाकली. मालकांनी गुडघा लावून सरळ करायला घेतली, तर मूठ एका हातात आणि पातं दुसऱ्या हातात आलं. भंगलेलं शस्त्र पुजता येत नाही. मग चावडीवर ठरलं की तिचाच एक सुरा घडवायचा. आमचे हे तिथं उभेच होते.

"सात पिढ्यायचं पोलाद हाये मालक," हे म्हणाले, "असा सुरा करतो, का कोहळा त्याले पाहूनच दोन होईन!"

घरी आल्यावर मी म्हटलं, "अवो, पोलाद वाकत नाई, तुटते. मंग हे वाकलं काऊन?"

"तलवारीतलं तुले काय समजते? तू भाता ओढ."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी आष्टीच्या लोहाराची पोर. माझे बापूजी पात्याला पाण्यात बुडवत नसत, जवसाच्या तेलात बुडवत. त्यावरून आमचे हे लग्नापासून मला चिडवत आले. "तुह्ये बापूजी लोहार होते का आचारी? तेलात लोखंड तळत होते!" बापूजी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वारले. त्यांच्या हातचं माझ्याकडे एकच उरलं होतं, लग्नात दिलेली पावशी. पुण्याकडचे लोक तिला विळी म्हणतात. कुण्या साहेबाच्या मोडक्या बग्गीच्या पोलादी कमानीतून बापूजींनी तिचं पातं घडवलं होतं. नऊ वर्षांत तिला एकदाही धार लावावी लागली नव्हती. आमचे हे त्या पावशीनं चिरलेली भाजी रोज खायचे आणि बापूजींना नावं ठेवायचे.

दसऱ्याला चार दिवस असताना तलवार आगीत गेली. शेंदूर जळाला, घरभर वास सुटला. पातं लाल झालं आणि यांनी घण घातला, तर ते भाकरीच्या पिठासारखं पसरलं. यांना वाटलं, जुनं पोलाद असंच मऊ असतं. सुऱ्याचा आकार मोठा सुरेख दिला, पाण्यात बुडवला, घासला आणि दुधीभोपळ्यावर मारून पाहिला. भोपळ्याला काही झालं नाही. सुरा मात्र वाकला.

पुन्हा तापवला, पुन्हा बुडवला, पुन्हा वाकला. मग मी मुठीकडचा तुकडा उचलून पाहिला. शेंदराखाली दोन भोकं होती. दंडारीच्या खेळात रावणाच्या तलवारीला घुंगरू बांधायला ठेवतात तशी, आणि एकात तारेचा तुकडाही अडकलेला.

"भोसल्यायच्या फौजेत घुंगरू बांधून लढत होते का हो?" मी विचारलं.

हे हसले नाहीत. ऐरणीशेजारी मटकन बसले. खरं सांगावं तर मालकांची उरलीसुरली इज्जत जाते, आणि न सांगावं तर दसऱ्याला कोहळा तसाच राहतो आणि वर्षभर गाव म्हणणार, लहानूनं भोसल्यांची तलवार खराब केली. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं दुसऱ्या दिवशी संपलं. विहिरीवरून घागर घेऊन आले, तर कोपऱ्यात पावशीचं नुसतं लाकूड पडलेलं आणि पातं आगीत.

घागर कुठं टेकवली ते आठवत नाही. हातात सांडशी आली होती एवढं आठवतं.

"माह्या बापाची पावशी! मले न विचारता!"

"अवं, आयक तं," हे भात्यामागे सरकत म्हणाले, "गावात असं पोलाद दुसरं नाई."

"काय म्हनलं? पुन्हा म्हना."

"नाई म्हनलं ना गावात दुसरं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझा निम्मा राग तिथंच उतरला, पण मी ते तोंडावर दिसू दिलं नाही. म्हटलं, "मंग माह्यं आयका. पातं जवसाच्या तेलात बुडवाचं. मंग निखाऱ्यावरून कवा काढाचं ते मी सांगीन. अन् दसऱ्याले सगळ्यायसमोर सांगाचं, का ही रीत कोनाची."

"लोकायसमोर? बायकोनं लोहारकी शिकवली म्हनू?"

"नाई तं आत्ता पावशी लाकडावर बसवून द्या."

एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून हे "बरं" म्हणाले.

पातं सरळ करून सुऱ्याच्या आकाराला आणलं आणि लाल करून तेलात बुडवलं. असा धूर उठला की शेजारची वच्छलाबाई भिंतीवरून विचारून गेली, "काय तळून राह्यल्या वं? दिवाई लागली का?" आमचे हे तोंड फिरवून निखारे सारखे करू लागले. मग पातं घासून लख्ख केलं आणि मंद निखाऱ्यावर धरलं. आता त्यावर रंग चढतो. पहिले लोण्याचा, मग पिकल्या गव्हाचा, आणि गव्हाचा सरून जांभळा झाला की धार गेली. लहानपणी बापूजींच्या भात्यावर बसून मी हा रंग शंभरदा पाहिला होता. हे माझ्याकडे बघत होते, मी पात्याकडे.

"आता!" मी ओरडले, आणि यांनी झटक्यात उचललं. माझं ऐकण्याची एवढी घाई यांनी संसारात परत कधी केली नाही. वर तलवारीची पितळी मूठ बसवली. मालकांची म्हणावी अशी सुऱ्यात तेवढीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मालकीणबाई, यशोदाबाई, कोहळा काखेत घेऊन मागच्या दारानं आल्या. कोपऱ्यातल्या पावशीच्या लाकडाकडे त्यांची नजर गेली, पण बोलल्या भलतंच.

"धुरपता, कोनाले सांगू नोको. वीस वर्षांपासून कोहळा मी आदल्या दिवशीच कापून ठेवतो. मंग बांबूच्या काड्या टोचून जोडतो, अन् वरून हळदीकुंकू फासतो. त्या तलवारीनं लोनी बी कापलं नसतं. यंदा बोटाले नखुरडं झालं, कापता येऊन नाई राह्यला. तूच कापून दे."

मी कोहळ्याकडे पाहिलं. कापून दिला तर सगळ्यांचंच भागत होतं. मालकांचं, यांचं, गावाच्या कापसाचंही. पण माझ्या बापाच्या पात्याचं खरं काय ते मग कुणालाच कळलं नसतं, मलासुद्धा.

"मी नाई कापत मालकीनबाई."

"अवं माय! अन् दोन घाव लागले तं?"

"एका घावात नाई झाला, तं माह्यं नाव धुरपता नाई."

बोलायला बोलले, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दसऱ्याला अंगण भरलं. मालकांनी फेटा सावरला, सुरा उंच उचलला, आणि खाली आणला तो कसा, तर कोहळ्याला गंध लावावं तसा. वीस वर्षांची सवय! सुरा खाली टेकला आणि कोहळा होता तसाच पाटावर बसून राहिला. कुणीतरी खाकरलं. यांचं तोंड राखेसारखं झालेलं. महादेवराव पाटील म्हणाले, "मालक, अजून एक घाव..."

तेवढ्यात कोहळा सावकाश उमलला. अर्धा इकडे लवंडला, अर्धा तिकडे. मधे सुरा पाटात रुतून उभा, तो दोघांना मिळून उपसावा लागला.

अंगणात एकच गलका उठला. मालक म्हणाले, "पाह्यलं का? याले म्हनतात भोसल्यायचं पोलाद! लहानू, तू बी पानी लय जबर देल्लं बरं."

आमचे हे हात जोडून पुढे झाले. बायांच्या घोळक्यात मी होते, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी पदर खोचला.

"मालक, पानी माह्यं नाई. हिनं सांगतलं तवाच पातं बाहेर काढलं. रीत आष्टीच्या माह्या सासऱ्याची. मानूस माह्यापरीस मोठा कारागीर होता."

लोक खदाखदा हसले. "लहानू, बायकोची शिकवनी लावली का?" असंही कुणी ओरडलं. हे हसले नाहीत, हात जोडून तसेच उभे राहिले. या दिवसासाठी मी नऊ वर्षं टोमणे जमवून ठेवले होते. त्यातला एकही आठवला नाही. मी रडले, आणि बायांना सांगितलं की धुपाचा धूर डोळ्यांत गेला.

संध्याकाळी यशोदाबाई अर्धा कोहळा घेऊन आल्या. खाली फडक्यात सुरा होता.

"धार लावाले पाठवला म्हनून सांगजो. लाकूड पाह्यलं होतं मी तुह्या घरी." मग जवळ सरकून म्हणाल्या, "अन् आयक. हे मले हळूच म्हनले, यंदा काड्या काऊन नाई लावल्या?"

"म्हंजे मालकायले ठाऊक होतं?"

"पह्यल्याच वर्षी भाजीत काडी सापडली त्यायले. वीस वर्षं बोलले नाई. कोहळा वेळेआधी उकलू नये म्हनून तं हळू मारत होते!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि मग त्याच सुऱ्यानं मी तो कोहळा चिरला.

तलवारीच्या लोखंडाचं यांनी मला उलथणं करून दिलं. भोसल्यांची तलवार वर्षभर माझ्या भाकरी उलटते आणि माझी पावशी मालकांच्या देवघरात फुलं झेलते. यशोदाबाई थकल्या आहेत, पण दसऱ्याच्या संध्याकाळी फडक्यात गुंडाळून तिला अजून स्वतः घेऊन येतात. सारं गाव हात जोडतं, मी जोडत नाही. सासरहून आलेल्या लेकीला कुणी नमस्कार करतं का? जवसाच्या तेलाचं बोट मी तिच्या धारेवरून फिरवते आणि वांगी पुढ्यात घेते.