कपाचा कान

पडद्यावर कपाचा कान डावीकडे होता, आणि आता उजवीकडे... मध्ये फक्त मुलीचा चेहरा येऊन गेला, तेवढ्यात कप फिरला कसा? शेजारी बसलेल्याला ढोसायला त्याचं कोपर आपोआप उचललं गेलं, आणि रिकाम्या खुर्चीच्या हातावर आपटलं.

छापखान्यातून अर्धी रजा टाकून तो दुपारच्या खेळाला आला होता. हा सिनेमा नव्याने साफसूफ करून पुन्हा लागला होता. लहानपणी त्याने तो ताईबरोबर तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा कपाची चूक त्यानेच धरली होती. ताई म्हणायची, "वेलांट्या, तू चुका बघतोस. माणसं कधी बघणार?" वेलांट्या— घरात त्याला दुसरं नावच उरलं नव्हतं, आणि पुढे तो मुद्रितशोधक झाला तेव्हा सगळ्यांत जास्त तीच हसली होती. तिला भलतंच काही दिसायचं. पत्र घेताना पोस्टमनच्या नजरेला नजर न देणारी बाई, किंवा मुलाखतीला निघालेल्या माणसाच्या बुटांतले दोन वेगळे मोजे. पहिल्यांदाच पाहिलेल्या सिनेमातही तेच.

पडद्यावर त्या मुलीची आई चहा ठेवून मागे सरत होती. प्रत स्वच्छ होती, पूर्वी काळोखात बुडालेली चौकटीची कडासुद्धा आता दिसत होती, आणि त्या कडेवर, क्षणभर— दोन बोटं. कपाच्या कानावरून सुटणारी. मुलीचा उजवा हात भाजलेला, पट्टीत गुंडाळलेला. कान तिच्या डाव्या हाताशी यावा म्हणून आईने कप फिरवला होता, काही न बोलता.

चूक नव्हतीच ती. चाळीस वर्षं मी...

पुढचा सिनेमा त्याला दिसला नाही. दिसली ती चार पानं. त्यांची आई गेल्यानंतर ताईने तिच्याबद्दल लिहिली होती, नातेवाईक जमणार होते त्यांच्यासमोर वाचायला. "जरा नजर टाकशील?" एवढंच ती म्हणाली होती. त्याने दुसऱ्या दिवशी पानं परत दिली ती लाल शाईने भरून. ऱ्हस्व-दीर्घ, दोन तारखा, आणि समासात: 'स्वेटर निळा नव्हे, राखाडी.' ताईने पानांची उभी घडी घातली, मग आडवी. "यात तुला आई कुठे दिसलीच नाही का रे?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने काहीच वाचलं नाही. त्याला सहा वर्षं झाली. फोन व्हायचे ते कोणी आजारी पडलं तरच.

बाहेर ऊन होतं. तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीला टेकून त्याने नंबर लावला.

"कोण आजारी आहे?" ताईने उचलल्या-उचलल्या विचारलं.

"कोणी नाही. सिनेमाला आलो होतो. तो कपाचा."

"बरं."

"ताई, कप आईनेच फिरवला होता. पोरीचा हात भाजला होता म्हणून."

"मग? मी तेव्हाच सांगितलं होतं तुला, माणसं बघ म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "एवढ्यासाठी फोन केलास?"

हो म्हणावं, हसून ठेवून द्यावा... पण त्याने विचारलं, "ती चार पानं आहेत का गं अजून?"



"आहेत. तुझ्या शाईसकट."

"मला वाचून दाखवशील?"

"चष्मा नाही माझ्याजवळ," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही.

पलीकडे एक दार करकरलं, मग पावलं, मग लांबून कुकरची शिट्टी. ताईच्या या नव्या घरात तो कधी गेला नव्हता. पावलं कुठल्या खोलीतून कुठे चालली आहेत, ती चष्मा शोधते आहे की नुसतीच उभी आहे, त्याला कळत नव्हतं, आणि तरी विचारावंसं वाटेना. शेजारून माणसं पुढच्या खेळाला आत जात होती. त्याने फोन कानाशी आणखी घट्ट धरला... तिला लागेल तेवढा वेळ लागू दे.