नऊजणींचं आयर्लंड

मर्टल बुकॅननने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला. इंग्लंडची शेवटची पेनल्टी अडली आणि आयर्लंडचा संघ अंतिम फेरीत गेला. साठी गाठलेल्या बायकांचा हा चालण्याचा फुटबॉल. पळालं की पंच शिट्टी मारतो. पण आता सामना संपला होता, तेव्हा गुडघ्यांची तमा न बाळगता सगळ्याजणी मर्टलकडे पळत सुटल्या. मर्टलने चेंडू खांबाशी नीट ठेवला आणि एकेक बोट सोडवत हातमोजे काढायला लागली. तिच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून दिसत नव्हता.

"सांगितलं होतं ना मी?" कप्तान अट्रॅक्टा डेव्हनीने तिला मिठी मारली. "एकत्र खेळलो की जिंकू, हिवाळ्यापासून घसा कोरडा करून सांगतेय!"

ते खरंच होतं. त्यांच्या किलद्रम गावाच्या मधून एक ओढा वाहतो. अलीकडे एक आयर्लंड, पलीकडे ब्रिटनकडे राहिलेलं दुसरं. राज्यं दोन, फुटबॉलचे संघही दोन. जर्सी मात्र दोघांची हिरवीच, पण ते बोलून दाखवायचं नाही. अट्रॅक्टाने गावात चाळीस वर्षं केस कापले. अलीकडची कॅथलिक डोकी आणि पलीकडची प्रोटेस्टंट डोकी एकाच खुर्चीत बसवली, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या डोक्यांत काय चालतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं तिचं म्हणणं. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगली खेळायची, पण मुलींना घेणारा संघच नव्हता. आता ग्लासगोच्या या स्पर्धेचं आमंत्रण आलं आणि तिला जन्मात पहिल्यांदा आयर्लंडची जर्सी घालायला मिळणार होती. नुसतं आयर्लंड, कुठलं ते न सांगणारं.

तिने पाच अलीकडच्या आणि चार पलीकडच्या गोळा केल्या. झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. छातीवर अलीकडची वीणा नको आणि पलीकडचा मुकुटही नको म्हणून शेवटी चहाची किटली आली, कारण तिच्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. आपण सगळ्याचा विचार केलाय, याची अट्रॅक्टाला खात्री होती.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चहा ओतताना अलीकडच्या कॉन्सेप्टा मॅकगिनलीने उद्याचे बेत सुरू केले. अंतिम सामना वेल्सशी होता, सकाळी अकराला.

"मी नाही उद्या," मर्टल म्हणाली.

"का, हात दुखावला?"

"हात ठणठणीत आहे. उद्या रविवार आहे."

मर्टलसारख्याच पलीकडच्या असलेल्या बाकीच्या तिघींनी मान खाली घातली. त्याही प्रोटेस्टंटच, पण त्यांचा रविवार सैल होता. चर्चहून आल्या की त्या कपडेही धुवायच्या. मर्टल मात्र रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, दोरीवर रुमालसुद्धा वाळत घालत नसे. तिच्या आईनेही घातला नव्हता.

"अगं, मग वेळापत्रक आलं तेव्हा तोंडात काय मूग धरले होतेस?" कॉन्सेप्टा कडाडली.

"वाटलं, आपण कशाला पोचतोय तिथवर. तुला तरी वाटलं होतं का?"

कॉन्सेप्टाला वाटलं नव्हतं. पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मग ती पेनल्टी अडवलीस कशाला? जाऊ द्यायचास चेंडू! हरलो असतो, आणि तुझा रविवारही राहिला असता."

मर्टलने तिच्याकडे सरळ पाहिलं. "गोलमध्ये मी उभी होते, कॉन्सेप्टा."

अट्रॅक्टा इतका वेळ कपाची कड पुसत होती. वेळापत्रक तिने दुकानातल्या आरशाला चिकटवलं होतं, रोज वाचलं होतं. रविवार हा शब्द तिला दिसलाच नव्हता. तिच्या लहानपणापासून रविवार म्हणजे चर्चमधली मिस्सा आणि मिस्सेनंतर मैदान. सामना रविवारी नसेल तर कधी असणार? चाळीस वर्षं दोन्हीकडची डोकी हाताळून आपण फक्त आपल्याच बाजूने विचार करत होतो. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने लगेच संयोजकांना फोन लावला. संयोजक गोड बोलले, पण उद्या सकाळशिवाय मैदान मोकळं मिळत नव्हतं.

"ठीक आहे," फोन ठेवून ती म्हणाली. "मग आपण खेळतच नाही."

"खबरदार!" मर्टल उठून उभी राहिली. "माझ्यामुळे आयर्लंड मोडलं, हे मरेपर्यंत ऐकू का मी? मी मेले तरी माझ्या नातवंडांना ऐकवतील. खेळायचं. आणि जिंकायचं." तिने हातमोजे कॉन्सेप्टाच्या पुढ्यात टाकले.

"मला मोठे होतील," कॉन्सेप्टा पुटपुटली.

"तोंड घालून बघ, बरोब्बर बसतील."

सगळ्या हसल्या. कॉन्सेप्टाही हसली आणि तिने हातमोजे उचलले. मग अट्रॅक्टा आणि ती कोपऱ्यावरच्या कॅथलिक चर्चमध्ये शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा ऐकायला निघाल्या.

"तुमच्या देवाचं बरं आहे," मर्टल मागून म्हणाली. "रविवारची हजेरी आदल्या दिवशीच घेतो."

येताना अट्रॅक्टा दोनदा भलत्याच गल्लीत वळली. कॉन्सेप्टाने तीनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

सकाळी मर्टल टोपी घालून जिना उतरली, तेव्हा अट्रॅक्टा दाराशी उभी होती. तिच्या अंगात जर्सी नव्हती. चांगला निळा कोट होता.

"हे काय?"

"चर्चला येतेय तुझ्याबरोबर."

"तू? आमच्या? अगं, वेड लागलंय का तुला? तू कप्तान आहेस!"

"कप्तान आहे म्हणूनच. तू एकटी गेलीस तर गावात काय म्हणतील? ऐन वेळी पलीकडची माघारी फिरली, म्हणून. ओढ्याच्या दोन्ही काठांवर हेच बोलतील. आता एक तुमची गेली आणि एक आमची. कोण फिरलं ते सांगू देत बरं."

"आणि मैदानावर?"

"सातजणी आहेत. सहा खेळतात, एक बदली. कॉन्सेप्टाला मी रात्रीच समजावून सांगितलंय. शिव्या घातल्या तिने, पण ऐकलं."

"अट्रॅक्टा, पंधराव्या वर्षापासून वाट बघितलीस तू याची."

अट्रॅक्टा कोटाचं बटण लावत होती. ते भलत्याच काजात गेलं. तिने काढून पुन्हा लावलं.

"बस चुकेल," ती म्हणाली. "चल."

चर्च साधं होतं. मूर्ती नाहीत, मेणबत्त्या नाहीत. बाकाशी पोचताच अट्रॅक्टाचा गुडघा कॅथलिक सवयीने टेकायला वाकला, आणि मर्टलने तिचं कोपर धरून तिला वर उचललं. पुढे दोनदा अट्रॅक्टाचा हात क्रूसाची खूण करायला कपाळाकडे निघाला. दोन्ही वेळा तिने केस सारखे केले. स्तोत्रं मात्र ती सगळ्यांत मोठ्याने गायली. चाल माहीत नसतानाही.

पाद्रीबुवा प्रवचनाला उभे राहिले आणि थोड्या वेळाने अट्रॅक्टाच्या पर्समध्ये फोन थरथरला. थांबला. मग लागोपाठ थरथरायला लागला.

मर्टल पाद्रीबुवांकडे बघत राहिली. तिचे हात मांडीवर एकमेकांत गच्च गुंतले होते.

"कॉन्सेप्टाच असणार," ती ओठ न हलवता म्हणाली.

"हं."

"बघ ना गं."

अट्रॅक्टाने पर्सचा खटका लावला आणि पर्स पायाने बाकाखाली सरकवली.

"आज रविवार आहे, मर्टल," ती म्हणाली.

मर्टलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अट्रॅक्टा ताठ बसून समोर बघत होती. प्रवचन अजून अर्धंही झालं नव्हतं.