नात्याबाहेरचं सुतक

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाईंनी मोरीत कढत पाणी काढून ठेवलं.

"डोक्यावरनं न्हाऊन घे. तुजं सुतक आज फिटलं."

मला माहीत होतं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. ती दुसऱ्या घरची झालेली असते. पण माहीत असणं निराळं, आणि आईच्याच मोरीत उभं राहून ऐकणं निराळं.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"आमचं धाव्याला."

आमचं म्हणजे गोजाबाईंचं आणि रोशनबींचं. दोघींचं आईशी काडीचं नातं नव्हतं. पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा माझी विधवा आई तिथल्या मजुरांना झुणका-भाकरी करून द्यायची. गोजाबाई भोसरीहून जोंधळे आणायच्या, रोशनबी भाकऱ्या थापू लागायच्या, त्यांचा नवरा वजीर हातगाडीवरून जेवण पोचवायचा. कारखाना झाला, मजूर पांगले, या दोघी मात्र आमच्या चुलीपासून उठल्याच नाहीत. मी पुण्याहून सणावारी यायची तेव्हाही तिथेच. आईशी दोन शब्द एकटीनं बोलायचे तर तिला नदीवर घेऊन जावं लागे.

"मावशी, सुतक नात्यातल्या माणसांना असतं," मी जमेल तितक्या शांतपणे म्हटलं. "तुम्ही देवापुढे दिवा लावत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

"शास्त्र तुज्यापाशी. पुस्तकं तू वाचलीस. माज्या हातून दिवा लागंना, मी काय करू?"

"आणि रोशनबी, तुम्ही?"

"आमच्यात तीजा करतात, न्हाईतर चाळिसावा," रोशनबी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मी मधले दहा धरले. वजीर वैतागलाय. घरात गोश्त न्हाई, काही न्हाई."

मी न्हाऊन घेतलं. पोटची मुलगी मी, आणि त्या घरात मोकळी झालेली मी एकटीच.

दुपारी मला न्यायला हे आले. घरी सत्यनारायण ठरला होता आणि तिसरा दिवस झाला की सुमनला घेऊन ये, असं सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं. हे उंबऱ्याबाहेरच थांबले. "पाचची गाडी मिळेल," म्हणाले.

मला दहाव्यापर्यंत राहायचं होतं. तळेगावचा चुलतभाऊ पिंड द्यायला येणार होता. तेव्हा नदीवर मला असायचं होतं. पण कारण काय सांगणार? शास्त्र यांच्या बाजूचं. मी ट्रंकेत लुगडी भरायला घेतली.

गोजाबाई पदर सावरत दाराशी गेल्या. "जावईबापू, न्या की. पण तीन दिस तिनं आमच्या हातचं खाल्लंय."

"मग?"

"मग काय? आमाला सुतक हाय. सुतकाचं अन्न खाल्लं की खाणाऱ्यालाबी तितकंच लागतं. तुमच्या मातोश्रींस्नी इचारा. उद्या पूजेत हात लागला तर आमाला बोल नको."

यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम खरा होता. सासूबाईंनी तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून पाठ करून घेतला होता.

"पण यांना सुतक कसलं?" हे मला म्हणाले. "या कोण लागतात?"

"दहा दिवसांचं आहे त्यांना," मी म्हटलं. "पूर्ण."

"भाकऱ्या तर माझ्याच..." रोशनबी आतून सांगू लागल्या. गोजाबाईंनी वळून नुसतं पाहिलं, तशा त्या गप्प झाल्या. भाकऱ्या कोणाच्या हे यांनी विचारलं नाही, तेवढं बरं.

शेवटी हे दहावा झाल्यावर येतो म्हणाले आणि स्टेशनाकडे गेले.

"आता बस निवांत," गोजाबाई म्हणाल्या. "आल्यापासनं तुज्या डोळ्याला पाणी न्हाई. रडून घे."

"असं सांगून रडू येत नाही, मावशी."

"मग भांडी घास."

मी चिडूनच पातेली पुढे ओढली आणि राख घेतली. दोघी माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसल्या, आणि रस्त्यानं चाललेल्या बैलगाडीत कोण बसलंय यावरून मोठमोठ्यानं वाद घालू लागल्या.