पायथ्याच्या दोन ओळी

मी ब्रश बोलतोय. बुटांचा नव्हे, कपड्यांचाही नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मास्तरांच्या सुनेने मला दोनदा मोरीत नेलं होतं. शिलालेखावर ओला कागद चिकटवतात, तो अक्षरांच्या खाचांत बसेपर्यंत माझ्या ताठ केसांनी ठोकतात आणि वरून शाई फिरवतात, की झाला ठसा. त्या ठोकण्यासाठी माझा जन्म.

हावेरीच्या एका कारागिराने मला घडवलं आणि मी गुरुसिद्धप्पा मास्तरांच्या हाती पडलो. चाळीस वर्षं आम्ही होसकेरीच्या आसपासचा एकही दगड सोडला नाही. माणूस विद्वान, पण वैताग! उन्हातान्हात जमवलेले ठसे मागेल त्याला देऊन टाकायचे. "घेऊन जा. माझ्याकडे राहिले तर वाळवी वाचेल." मला हात असते तर मी कपाळ बडवून घेतलं असतं.

शैलजाही अशीच आली. कडेवर वर्षाची मुलगी, पिशवीत वही आणि दुधाची बाटली. शिलालेख वाचायला शिकायचंय म्हणाली आणि लगेच पुढे, "पण मला जमेलसं वाटत नाही, अज्जा." मास्तरांनी पोर मांडीवर घेतली आणि मला तिच्या हातात दिलं. ती इतकं हळू ठोकायला लागली, जणू दगडाला झोपवतेय.

"अगं, जोरात! सातशे वर्षं उन्हात उभा आहे तो. तुझ्या हाताने मरतोय थोडाच!"

चार वर्षांत ती तयार झाली. "माझंच चुकलं असेल" मात्र काही सुटलं नाही. दिवसातून दहा वेळा! ऐकून ऐकून माझे केस झडले.

गावाच्या वेशीवरचा वीरगळ हा मास्तरांचा मानाचा दगड. गाई सोडवताना मेलेला तो वीर गौडांचा, म्हणजे गावच्या पाटलांचा, पूर्वज, असं त्यांनी पुस्तकात लिहिलं. तेव्हापासून दर वर्षी गौडांचा हार त्यावर चढतो. यंदा कट्टा दुरुस्त करताना पायथ्याची माती निघाली आणि खाली आणखी दोन ओळी दिसल्या. शैलजाने ठसा घेतला. वर गौडाचं नाव होतं ते दगड उभारणारा म्हणून. मेला होता तो त्यांचा परीट.

ती रडवेली होऊन अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांकडे आली. "अज्जा, मी हे छापणार नाही. तुमचं पुस्तक..."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोन्ही ओळी वाचल्या. मग हसायलाच लागले. "खाली ओळी असतील असं मला तेव्हाच वाटलं होतं, पोरी. पण गौडांकडे पुरणाच्या होळगीचं जेवण होतं. पानं मांडली होती."

तीस वर्षं मला हे ठाऊक होतं! शेवटच्या ठोक्याला माझी कड मातीला लागली होती. पण मला विचारतो कोण?

"लोक काय म्हणतील, अज्जा?"

"म्हणतील, म्हातारा काम टाकून जेवायला पळाला. खरंच आहे ते. छाप तू. का मेल्यावरही मला चुकीचाच ठेवणार आहेस?"

तरी बाईसाहेबांचं आपलं "पुन्हा एकदा तपासते." दोन महिने! तेवढ्यात मास्तर गेले.

शाळेत शोकसभा झाली. गौडांनी भाषणात त्याच दगडाचे गोडवे गायले. मग शैलजा उठली. लेक पदर ओढत होती आणि पिशवीत मी होतो. "कदाचित माझंच चुकलं असेल..." ती म्हणाली. संपलं, मी म्हटलं.

ती थांबली. "नाही. चुकलेलं नाही. चूक मास्तरांची होती आणि ती छाप, असं त्यांनीच मला सांगितलंय." तिने दोन्ही ओळी वाचल्या. गौड तडक उठून गेले.

मागच्या बाकावरून गावातला इस्त्रीवाला यल्लप्पा उभा राहिला. "अक्का, त्याचं नाव काय म्हणालात?"

"केतय्या."

"पुन्हा एकदा वाचा की."

तिने वाचलं. या वेळी चांगलं खणखणीत.

आता मी शैलजाकडे असतो. अर्धा टकला झालोय. ती अजून शंका काढते, मी अजून चिडतो. उद्या नदीकाठच्या एका दगडाकडे जायचंय, निम्मा जमिनीत आहे म्हणे. तुमच्यापैकी कोणी या वाटेला आलात तर माझं एवढंच मागणं आहे. मला नंतर हातात घ्या. आधी फावडं घ्या.